बहुपदीचे अवयव

एखादी बहुपदी तिच्याहून लहान घाताच्या बहुपदींच्या गुणाकारात मांडणे म्हणजे तिचे अवयव पाडणे. क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडताना गुणाकार ६ आणि बेरीज −५ येईल अशा दोन संख्या शोधतात. त्या −२ आणि −३. म्हणून अवयव (क्ष − २)(क्ष − ३). या बहुपदीची किंमत शून्य असेल, तर दोहोंपैकी एक अवयव शून्य असलाच पाहिजे. म्हणजे क्ष २ किंवा ३. हा नियम फक्त शून्याचा आहे. (क्ष − २)(क्ष − ३) = १२ दिसताच क्ष − २ = १२ लिहून मोकळे होणारे विद्यार्थी कमी नाहीत. तिथे १२ डावीकडे आणून पुन्हा अवयव पाडावे लागतात : (क्ष − ६)(क्ष + १) = ०.

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात बैजिक राशींचे अवयव आठवीत येतात, वर्गसमीकरणे दहावीत. अक्ष² + बक्ष + क चे सहगुणक पूर्णांक असले, तरी विवेचक, म्हणजे ब² − ४अक, पूर्ण वर्ग नसेल तर परिमेय अवयव पडत नाहीत. मग पूर्ण वर्ग पद्धत किंवा सूत्र वापरतात. पुस्तकातली उदाहरणे निवडून घेतलेली असल्याने अवयव पद्धत आहे त्याहून बलवान वाटते.

या पद्धतीचे देखणे उदाहरण वसई-विरारच्या विद्यार्थ्याला आपल्याच पालघर जिल्ह्यात सापडते. विरारच्या उत्तरेला, त्याच रेल्वेमार्गावरच्या डहाणूत १९०५ साली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. देवळालीत शाळामास्तरकी करत त्यांनी संख्यांचे गुणधर्म शोधले. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक अधिक गाजला. पण बीजगणिताच्या दृष्टीने कापरेकर संख्या जास्त बोलक्या आहेत : अशा संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केली की मूळ संख्याच मिळते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

अशी दोन अंकी संख्या क्ष माना. तिच्या वर्गातले शेवटचे दोन अंक म्हणजे उजवा भाग उ, उरलेला डावा भाग ड. मग क्ष² = १००ड + उ आणि क्ष = ड + उ. वजाबाकी केली की क्ष² − क्ष = ९९ड, म्हणजेच क्ष(क्ष − १) = ९९ड. लगतच्या दोन संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो. त्यामुळे ९९ मधला ९ अख्खा एकीच्या वाट्याला जातो, ११ ही तसाच. ९ ने क्ष ला आणि ११ ने क्ष − १ ला भाग जात असेल तर ४५; उलट असेल तर ५५; दोन्ही क्ष कडे गेले तर ९९; दोन्ही क्ष − १ कडे गेले तर दोन अंकी संख्याच मिळत नाही. नव्वद वर्ग तपासण्याचे काम अवयवांनी चार शक्यतांवर आणले.

तीन अंकी संख्यांसाठी ९९ च्या जागी ९९९ = २७ × ३७ येते. त्यातून २९७, ७०३ आणि ९९९ कशा निघतात, ते वाचकाने स्वतः करून पाहावे.