ग्दान्स्कचे तीन क्रूस

संपाच्या मागण्या म्हटल्या की पगारवाढ, महागाई भत्ता, काढून टाकलेल्या सहकाऱ्याला परत घ्या, अशा गोष्टी डोळ्यांसमोर येतात. १४ ऑगस्ट १९८० ला पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत संप सुरू झाला, तेव्हा या मागण्या होत्याच. क्रेन चालवणाऱ्या आना वालेंतिनोविच यांना निवृत्तीला पाच महिने उरले असताना काढलं होतं, त्यांना परत घ्या, ही तर आघाडीची मागणी. पण सुरुवातीच्या त्या मूठभर मागण्यांत एक अशीही होती, की जिच्यातून कुणाच्याच खिशात दमडी पडणार नव्हती. गोदीच्या दाराशी १९७० च्या मृतांचं स्मारक बांधा!

दहा वर्षांपूर्वी मेलेल्यांसाठी कुणी आपली नोकरी पणाला का लावावी? हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१२ डिसेंबर १९७० ला, नाताळ तोंडावर आलेला असताना, सरकारने मांस आणि इतर खाद्यपदार्थांच्या किमती वाढवल्या. पक्षप्रमुख होते गोमुल्का. गंमत बघा, १९५६ मध्ये पोझनानच्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतरच्या असंतोषाच्या लाटेवरच हे गृहस्थ सत्तेवर आले होते. १४ तारखेला ग्दान्स्कचे गोदी कामगार रस्त्यावर उतरले. १५ ला पक्षाची कचेरी पेटली आणि गोमुल्कांनी गोळीबाराची परवानगी दिली. १६ ला गोदीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या दारासमोर कामगार पडले.

सर्वांत भयंकर प्रकार शेजारच्या ग्दिन्यात झाला. १६ च्या संध्याकाळी उपपंतप्रधान कोचोवेक यांनी टीव्हीवरून कामगारांना कामावर परतायचं आवाहन केलं. १७ च्या पहाटे माणसं लोकलने गोदीच्या स्टेशनवर उतरली, तर पुढे लष्कर रस्ता अडवून उभं. कामावर या म्हणून सांगितलेल्यांवरच गोळ्या चालल्या. एका तरुणाचा मृतदेह लोकांनी दरवाज्याच्या फळीवर ठेवून शहरातून नेला. तो अठरा वर्षांचा झ्बिग्न्येव गोदलेव्स्की होता. पण तेव्हा नाव ठाऊक नसल्यामुळे पोवाडा रचला गेला तो यानेक विश्न्येव्स्की या कल्पित नावाने.

किनाऱ्यावरच्या शहरांत मिळून अधिकृत आकड्याप्रमाणे ४५ माणसं मेली, हजारावर जखमी झाली. मृतांना रात्रीच्या अंधारात, मोजक्या नातेवाइकांसमोर पुरण्यात आलं. आणि हे सारं केलं ते स्वतःच्या नावातच 'कामगार' मिरवणाऱ्या पक्षाने!

आता 'समेट' या शब्दाकडे येऊ. तो तीनदा झाला, निदान तसा प्रयत्न झाला.

पहिला लगेचच. २० डिसेंबरला गोमुल्का गेले, गिएरेक आले. जानेवारी १९७१ मध्ये ते स्वतः गोदी कामगारांना भेटले, मदत कराल ना, असं विचारलं. कामगारांनी मान डोलावली. (भाववाढ मात्र लगेच मागे घेतली नाही. त्यासाठी फेब्रुवारीत वूचच्या कापड गिरण्यांतल्या बायकांना संप करावा लागला.) या समेटाची न बोललेली अट एकच होती, डिसेंबरचं नाव काढायचं नाही. दरवर्षी गोदीच्या दाराशी फुलं ठेवायला येणाऱ्यांना पोलीस उचलून नेत. १९७९ च्या डिसेंबरात लेक वालेसाने तिथे जमलेल्यांना सांगितलं की पुढच्या वर्षी येताना प्रत्येकाने एकेक दगड आणा, आपणच स्मारक उभारू.

दगड आणायची वेळ आली नाही. ऑगस्टच्या संपात सरकारने ही मागणी मान्य केली आणि १६ डिसेंबर १९८० ला ४२ मीटर उंचीचे तीन पोलादी क्रूस उभे राहिले, प्रत्येकावर एक नांगर. बांधले गोदीच्याच कामगारांनी. समारंभाला चर्चचे धर्मगुरू होते, संघटनेचे नेते होते आणि चक्क राष्ट्रप्रमुख याब्वोन्स्कीही होते. मारणारं राज्य आणि मेलेल्यांची माणसं एका चौकात! हा दुसरा समेट.

तो टिकला एक वर्ष. १३ डिसेंबर १९८१ ला मार्शल लॉ आला, आणि १६ डिसेंबरला, म्हणजे स्मारकाच्या बरोबर पहिल्या वाढदिवशी, वुयेक कोळसा खाणीत संपकऱ्यांवर गोळीबार होऊन नऊ खाणकामगार मेले. स्मारकाने पुढची गोळी थांबत नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसलं असेल.

तिसरा प्रयत्न न्यायालयात. राजवट बदलली, खटला भरला गेला. १९७० मध्ये संरक्षणमंत्री असलेले यारुझेल्स्की आरोपी होते. प्रकृतीच्या कारणाने २०११ मध्ये त्यांचं नाव वेगळं काढलं गेलं, २०१४ मध्ये ते वारले. गोमुल्का तर १९८२ मध्येच गेले होते. २०१३ च्या निकालात कोचोवेक निर्दोष सुटले आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. घटनेनंतर बेचाळीस वर्षांनी.

मग त्या तीन क्रूसांनी काय साधलं? मला वाटतं, एकच गोष्ट साधली, पण ती लहान नव्हती. मार्शल लॉच्या काळात तिथे जमणाऱ्यांना पोलीस पांगवत राहिले, पण क्रूस कुणी पाडले नाहीत. सरकारने जे स्वतः मान्य केलं होतं, ते 'घडलंच नाही' म्हणायची सोय आता उरली नव्हती. गिएरेकचा समेट विसरण्यावर उभा होता, म्हणून दहा वर्षांत कोसळला. क्षमा करायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण काय घडलं हे दोघांनी कबूल केल्याशिवाय तो प्रश्न विचारताच येत नाही. आणि कबुलीसुद्धा शिक्षेची जागा घेत नाही. त्या बाबतीत ग्दिन्याच्या घरांचं देणं बाकीच राहिलं.

गोदी तर १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. आज जगभरचे प्रवासी त्या चौकात उभे राहून फोटो काढतात. काढोत बापडे. रात्री चोरून पुरलेल्या माणसांपाशी भरदिवसा कुणी थांबतंय, हेही काही कमी नाही.