वळवाची साक्ष

वैशाखातल्या एखाद्या दुपारी तासगाव-मिरजेच्या रानात किंवा साताऱ्याच्या माण-खटावात ज्याने वळीव पाहिला आहे, त्याला त्याचा क्रम सांगावा लागत नाही. आधी पानही हलेनासे होते, मग आभाळ काळवंडते, आणि पहिला थेंब पडण्यापूर्वीच धुळीचा लोट घेऊन गार वारा अंगावर येतो. वाळत घातलेली हळद झाकायला आणि बेदाण्याच्या शेडवरचे कापड बांधायला तेवढीच काय ती उसंत. हा वारा येतो ढगाच्या पोटातून. ढगाखालच्या कोरड्या हवेत पावसाचे थेंब विरतात, हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते व जमिनीवर आपटून चहूकडे पसरते.

शेतकऱ्याला त्याचे कारण ठाऊक नसेल. पण तो त्या वाऱ्यावर विश्वास ठेवतो. विमानविद्येला तो ठेवायला शिकण्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. तो इतिहास येथे सांगावासा वाटतो, कारण तो वाऱ्याइतकाच साक्षीच्या मोलाविषयी आहे.

२४ जून १९७५. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरण्याच्या मार्गावरच गडगडाटी ढग उभा होता. नुकत्याच उतरलेल्या एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने नियंत्रकाला बजावले, की येथे वारा भयंकर फिरतो आहे, धावपट्टी बदला. विमानतळावरचे वायुमापक मात्र सौम्य वारा दाखवीत होते. त्यामागून आलेल्या प्रवासी विमानाने उतरण्याचा प्रयत्न सोडून दिला. धावपट्टी तरीही बदलली गेली नाही. थोड्याच वेळात ईस्टर्न एअरलाइन्सचे ६६ क्रमांकाचे बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडील दिव्यांच्या मनोऱ्यांवर आदळले. विमानातील १२४ जणांपैकी ११३ जण मृत्युमुखी पडले.

अशा वेळी घडते ते असे. उतरणाऱ्या विमानाला पसरत्या हवेची पहिली लाट समोरून लागते. पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, विमान उचलले जाते, आणि ते खाली आणण्यासाठी वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करतो. पुढच्याच क्षणी वरून दाब येतो, आणि लगेच वारा पाठीमागून वाहू लागतो. जो आधी आधार देत होता तोच आता आधार काढून घेतो, आणि जमीन तर जवळ आलेली असते.

चौकशी अहवालाने चालकवर्गाच्या विलंबाची नोंद केली. पण त्यांनी त्वरेने हालचाल केली असती तरी तो वारा कदाचित आवरला नसता, हेही मान्य केले. तेत्सुया फुजिता या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञाने या अपघाताचा अभ्यास करून कोसळणाऱ्या हवेला ‘डाउनबर्स्ट’ हे नाव दिले. चार किलोमीटरपेक्षा कमी विस्ताराच्या झोताला ‘मायक्रोबर्स्ट’. अनेक सहकाऱ्यांना ते पटेना, कारण असा झोत जमिनीजवळ येईपर्यंत मंदावतो असा समज रूढ होता. १९७८ मध्ये शिकागोजवळ आणि १९८२ मध्ये डेन्व्हरजवळ डॉप्लर रडारने तो प्रत्यक्ष टिपला, तेव्हा वाद मिटला. १९८५ मध्ये डॅलस येथे पुन्हा शंभरावर बळी गेल्यानंतर विमानातच इशारा देणारी यंत्रे बसवण्याची सक्ती झाली.

आज वैमानिकाला शिकवले जाते ते असे : साध्या झोतांसाठी उतरण्याचा वेग थोडा वाढवून ठेवावा, ठरलेल्या उंचीपर्यंत विमान स्थिर झाले नाही तर पुन्हा वर जावे, आणि वाऱ्याच्या फेऱ्यात सापडल्यास पूर्ण शक्ती लावून नाक उचलावे, चाके व पंखांचे पडदे जसेच्या तसे ठेवावेत. या सगळ्याआधीचा नियम असा, की पुढच्या विमानाचा वैमानिक जे सांगतो ते ऐकावे.

साताऱ्यात पारसनिसांनी आणि मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी जुनी दप्तरे उजेडात आणली. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वाचताना आपण पहिला प्रश्न हाच विचारतो, की लिहिणारा त्या वेळी कोठे उभा होता? त्या दिवशी केनेडी विमानतळावर हा प्रश्न कोणी विचारला नाही. वायुमापकाचा आकडा खोटा नव्हता. ते फक्त दुसरीकडे उभे होते. ज्याच्या विमानाखालून वारा निसटला होता त्याची साक्ष मात्र ‘नोंद’ ठरली नाही.

महाबळेश्वरला २०१२ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तेथे आकडे जमतील, आणि ते जमलेच पाहिजेत. पण खाली माणदेशात धूळ उठताच हळदीकडे धावणारा माणूस कोणत्याही आकड्याची वाट पाहत नाही. त्याच्यापुरती ती धूळ हीच नोंद असते.