वई, वाडी आणि सरकारवाडा

आज आपण शेताच्या कडेला उभं राहून थोडा इतिहास वाचू या. विषय आहे कुंपण.

'कुंपण' हा शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. 'कुंपणच शेत खातं' असं आपण सहज म्हणतो. पण काटेरी झाडोऱ्याच्या कुंपणाला मराठीत आणखी एक शब्द आहे, 'वई'. कोकणात तो अजून जिवंत आहे. संस्कृतात 'वृ' म्हणजे वेढणे, झाकणे, त्यावरून 'वृति'. प्राकृतात तिची 'वइ' झाली आणि मराठीत 'वई'.

ही वृति मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भेटते. गावकुरणालगतच्या शेताला कुंपण कसं असावं? उंटाला पलीकडचं दिसू नये इतकं उंच, आणि कुत्र्याचं किंवा डुकराचं तोंड शिरेल असं एकही भोक नको. तिथल्या शेताला कुंपण नसेल आणि गुरांनी पीक खाल्लं, तर गुराख्याला दंड नाही! म्हणजे नुकसान कोणाच्या माथी, हे वई ठरवत होती.

आता दुसरा शब्द बघा. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणाच्या आतली जागा. आपण चालतो ती वाट वेगळी. या वाटापासून वाडा, वाडी. गुजरातीत कुंपणाला आजही 'वाड' म्हणतात. मराठीत मात्र कुंपणाचं नाव आतल्या घराला मिळालं. आपल्या सराफ बाजारातला सरकारवाडा हा त्याच घराण्यातला. पंचवटी मात्र नाही हं, तिथे पाच वड आहेत. आणि 'कोंडवाडा'? 1871 च्या कायद्याने भटक्या गुरांसाठी कोंडवाड्यांची व्यवस्था पक्की केली. मनूचाच प्रश्न, फक्त सरकार नवं.

वई कशाची असायची? शेर, निवडुंग, सागरगोटा. फड्या निवडुंग आणि घायपात आज अगदी इथलेच वाटतात, पण दोन्ही मूळचे अमेरिकेतले.

आज आपल्या द्राक्षबागांभोवती तार आली, सौरऊर्जेवरचं झटका यंत्र आलं. आम्ही त्याला नावं ठेवत नाही. रानडुक्कर पीक उद्ध्वस्त करतं तेव्हा शेतकऱ्याने दुसरं करायचं काय? पण वईत पाखरं घरटी करत, मुंगूस राहत असे, पोरांना खेळायला सागरगोटे मिळत. तार फक्त अडवते. वई अडवायची आणि जगवायचीही.

तेव्हा घरी गेल्यावर आजीला एवढंच विचारा, 'आपल्या शेताला वई कशाची होती?' उत्तर लिहून ठेवा. झाड तोडलं तर पुन्हा लावता येतं. विसरलेला शब्द परत आणणं फार अवघड.