करंजाची काडी आणि मधुमेही मूल

जुन्नरच्या लेण्यांत आडुथुम नावाच्या शक उपासकाचा दानलेख आहे. 20 निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि 9 निवर्तनांचे वडांसाठी त्याने कोणाचिक श्रेणीकडे सोपवले. लेखात दातणाविषयी चकार शब्द नाही आणि ओढूनताणून तो अर्थ काढूही नये. मात्र वाग्भटाने दातणासाठी सांगितलेल्या झाडांत करंज आणि वड दोन्ही आहेत. चरकाच्या यादीतही करंज आहे.

तोंड आणि मधुमेह यांचे नाते तर सुश्रुतानेच नोंदवले. निदानस्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहाची पूर्वलक्षणे देताना त्याने तळहात-तळपायांची आग आणि तहान यांच्याबरोबर श्वासाची दुर्गंधी आणि टाळू, गळा, जीभ व दात यांवर साचणारा मळ सांगितला आहे. शिवाय अपथ्याने होणारा प्रमेह वेगळा आणि आईबापांच्या बीजातून येणारा सहज प्रमेह वेगळा, असा भेदही त्याने केला. सहज प्रमेहाचा रोगी कृश आणि तहानलेला. याला आजच्या टाइप 1 चा शोध म्हणणे मला घाईचे वाटते; निरीक्षण मात्र पक्के आहे.

मधुमेही मुलांच्या हिरड्या हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी नव्हताच, कारण अशी मुले फार काळ जगतच नसत. टोरांटोत 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि तो आणखी तेरा वर्षे जगला. मुले जगू लागली, मग डोळे, मूत्रपिंड, नसा यांची काळजी सुरू झाली. हिरड्यांची पाळी फार उशिरा आली: हॅराल्ड लो यांनी हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले ते 1993 मध्ये.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. दाताच्या मुळाशी साचलेल्या थरात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू वाढतात. रक्तातली साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात, हिरडीची झीज भरून येत नाही, सूज टिकते. उलट ही सूजच इन्सुलिनचा परिणाम कमी करते आणि साखर आवरेनाशी होते. त्यात साखर एकदम उतरली की मुलाला रात्री-अपरात्री गोड खायला द्यावेच लागते. त्यानंतर चूळ भरायची आठवण कोणाला राहते? आणि हिरडीतून रक्त आले की मूल घासणेच सोडते, म्हणजे नेमके उलटे करते.

आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी हा आणखी एक अडथळा. घरातल्या बायका ती लावतात आणि पोरी बघून शिकतात. करंजाची काडी गेली आणि ही आली, हा बदल काही चांगला झाला नाही.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी होते. तपासायच्या तीस आजारांत दातांचे विकार आहेत, मधुमेह नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या आश्रमशाळांत महादेव कोळी, ठाकर मुले घरापासून दूर राहतात. तिथे रात्री पोर कितीदा लघवीला उठते हे पाहायला आई नसते. सुजलेल्या हिरड्या बहुतेक वेळा न घासल्यानेच होतात, हे खरे. तरीही दात पाहणाऱ्याने तहान किती लागते, वजन उतरले का, एवढे विचारावे आणि संशय आल्यास त्याच दिवशी बोटाच्या थेंबावर साखर पाहून घ्यावी. टाइप 1 मध्ये आठवड्याचा उशीरही मुलाच्या जिवावर बेततो.