दावोस : सज्जातील दोन काळ

दावोस हे नाव उच्चारताच आज धनिकांची हॉटेले आणि बर्फावरील क्रीडा आठवतात. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तेथे क्षयरोगाचा इतिहास टाळता येत नाही.

१८५३ मध्ये अलेक्झांडर स्पेंग्लर हा जर्मन डॉक्टर स्वित्झर्लंडमधील या खोऱ्यात आला. स्थानिकांत क्षय क्वचितच आढळतो, हे पाहून त्याने तेथील हवेलाच औषध मानले. १८६५ पासून हिवाळ्यातही रुग्ण येऊ लागले. पुढे आरोग्यधामे उभी राहिली. आर्थर कॉनन डॉयल येथे आले तेही क्षयग्रस्त पत्नीसाठी. १८९४ मध्ये दोन स्थानिकांसह स्कीवरून डोंगर ओलांडून त्यांनी आरोसा गाठले आणि त्यावर लेख लिहून इंग्रजी वाचकांना या खेळाची ओळख करून दिली. १९१२ मध्ये आजारी पत्नीला भेटायला आलेल्या थॉमस मान यांना 'द मॅजिक माउंटन' (१९२४) या नावाने इंग्रजीत गाजलेल्या कादंबरीचे बीज येथेच सापडले.

१९०० साली उघडलेले शात्साल्प आरोग्यधाम, क्षयावर प्रभावी औषधे आल्यानंतर, १९५० च्या दशकात हॉटेल झाले. त्याच्या सज्जात बसलो तेव्हा समोरच्या शिखरांचे दर्शन आपण विकत घेतले आहे, एवढेच आमच्या मनात आले. मग जाणवले, की अशाच सज्जांत ब्लँकेटांत गुंडाळलेली माणसे तासन्तास पडून राहत. पैसे तीही मोजत, पण आयुष्य लांबावे म्हणून.

आजार सरल्यावर येथे चैन आली, असे आम्ही वर्गात सांगत आलो होतो. आता तसे सांगता येणार नाही. ती आजाराच्याच अंगाखांद्यावर वाढली.