राखेखालचे गाव आणि माळवदाचे घर

सँटोरिनीचे नाव काढले की पांढरी घरे, निळे घुमट आणि मावळता सूर्य एवढेच डोळ्यांपुढे येते. आमच्या भागात तर लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा त्या बेटाचे चित्र पडद्यावर छापून लावतात. मी ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे गेलो तो मात्र ते घुमट पाहायला नाही. बेटाच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी नावाचे राखेखाली गाडले गेलेले गाव आहे. त्याबद्दल मी बरीच वर्षे वाचत होतो आणि एकदा डोळ्यांनी पाहायचे होते. त्यामागे घरगुती कारणही होते. ते शेवटी सांगतो.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून जहाज सुटले आणि दुपार कलल्यावर आम्ही बेटाजवळ आलो. बेट म्हटले की समुद्रातून वर आलेला डोंगर असे आपण धरून चालतो. इथे जहाज एका प्रचंड वाटीत शिरते. सुमारे १२ किलोमीटर लांब आणि ७ किलोमीटर रुंद अशी ही वाटी, आणि तिचे काठ म्हणजे तीनशे मीटर उंचीचे उभे कडे. कड्यांवर काळे, तांबडे, राखाडी थर एकावर एक रचलेले. वाटीत समुद्राचे पाणी भरलेले. हे ज्वालामुखीचे खचलेले तोंड आहे. माथा पोकळ होऊन आत कोसळला आणि समुद्र आत आला. थीरा, थिरासिया आणि छोटेसे आस्प्रोनिसी ही त्या मोडक्या वाटीच्या काठाची उरलेली तुकडे-बेटे.

आम्ही मराठवाड्यातली माणसे काळ्या कातळावर वाढलेली. आपला दख्खनही लाव्ह्याच्या थरांचा आहे, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. त्यावर आपण ज्वारी पेरतो आणि त्याच्या पोटात लेणी कोरतो. सँटोरिनीचा दगड अजून गरम आहे. दुसऱ्या दिवशी मी होडीने वाटीच्या मधोमध असलेल्या नेआ कामेनी बेटावर गेलो. हे बेट माणसांच्या डोळ्यांदेखत समुद्रातून वर आले. १७०७ ते १७११ या काळात त्याचा पहिला भाग तयार झाला, १८६६ नंतर ते वाढले आणि शेवटचा उद्रेक १९५० मध्ये झाला. म्हणजे माझ्या अब्बांच्या हयातीत. काळ्या खडीच्या पायवाटेने वर चढलो, तर भेगांतून वाफ निघत होती आणि गंधकाचा वास येत होता. एके ठिकाणी हात टेकवला तर जमीन कोमट लागली.

मोठा उद्रेक झाला तो इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपास. नेमक्या वर्षावरून वाद आहे. राखेत गाडल्या गेलेल्या ऑलिव्हच्या एका फांदीची कार्बन-तपासणी झाली, ती सतराव्या शतकाच्या अखेरीकडे बोट दाखवते. इजिप्तच्या राजवंशांशी मेळ घालणारे पुरातत्त्ववेत्ते तो पुढे, १५०० च्या जवळ आणतात. स्पिरिडॉन मारिनातोस या ग्रीक संशोधकाने १९३९ मध्ये असा तर्क मांडला की क्रीट बेटावरच्या मिनोअन संस्कृतीच्या ऱ्हासामागे हाच उद्रेक असावा. तर्काचा तो भाग आज जसाच्या तसा कोणी मानत नाही. पण १९६७ मध्ये त्यांनी अक्रोतिरीला खोदायला घेतले आणि पहिल्या काही दिवसांतच भिंती लागल्या. १९७४ मध्ये त्याच जागी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यानंतर ख्रिस्तोस दूमास यांनी काम पुढे नेले.

खरे तर राखेखाली घरे आहेत हे त्याआधी शंभर वर्षे कळले होते, आणि त्याचा आपल्या मुंबईशी दूरचा संबंध आहे. सँटोरिनीची ज्वालामुखी राख चुन्यात मिसळली की तिचे पाण्याखालीही घट्ट होणारे सिमेंट बनते. १८६० च्या दशकात सुएझ कालव्यावर पोर्ट सैदचे बंदर बांधण्यासाठी ही राख इथून खणून नेली जात होती. त्या खाणींत, थिरासियाच्या बाजूला, जुन्या भिंती आणि मडकी सापडली. १८६९ मध्ये कालवा खुला झाला आणि मुंबईहून युरोपला जाणारा समुद्रमार्ग हजारो किलोमीटरनी आखडला. एका बुडालेल्या गावावरची राख खरवडून जगाचा रस्ता बांधला गेला आणि त्या रस्त्याने मुंबई मोठी झाली.

अक्रोतिरीवर आता मोठे छप्पर आहे. आधीच्या छपराचा एक भाग २००५ मध्ये कोसळला, त्यात एका पर्यटकाचा जीव गेला आणि जागा २०१२ पर्यंत बंद राहिली. लाकडी पुलांवरून चालत खाली पाहायचे. दोन-तीन मजली घरे, खिडक्या, लहान चौक, दगडी फरशीचे बोळ. एका घरात वरच्या मजल्यावर शौचालय आहे. त्याची मातीची नळी भिंतीतून उतरून रस्त्याखालच्या झाकलेल्या गटाराला मिळते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हे गटार पाहून मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. आमच्या गावात झाकलेले गटार माझ्या चाळिशीत आले. कोठारांत कमरेएवढे रांजण ओळीने मांडलेले आहेत.

फिरा गावाच्या संग्रहालयात तिथली भित्तिचित्रे आहेत. त्यातल्या एका चित्रात निळी माकडे खडकावर चढताना दिसतात. ग्रीसमध्ये माकडे नसतात, म्हणून ती आफ्रिकेतून व्यापारात आली असावीत असे बराच काळ समजले जाई. अलीकडे माकडांच्या अभ्यासकांनी चित्र पाहिले आणि शेपटी वर उचलून वळवण्याच्या ढबीवरून ही भारतीय उपखंडातील लंगूर असावीत असे मत २०२० च्या सुमारास मांडले. सगळ्यांना ते पटलेले नाही. पण मला तिथे हसू आले. मराठीत माकड वेगळे आणि वानर वेगळे. लांब शेपटी वर करून कौलांवरून उड्या मारणारा तो वानर, हे आपल्याकडे लहान पोरही सांगते. हे मत बरोबर असेल तर सिंधूच्या काठचा एखादा प्राणी, किंवा निदान त्याचे चित्र, मेसोपोटेमियामार्गे हातोहात या बेटापर्यंत पोचले होते. दुसऱ्या एका चित्रात बायका केशराची फुले खुडताहेत. आमची अम्मी ज्याला जाफरान म्हणायची आणि ईदच्या शीरखुर्म्यात चार काड्या मोजून टाकायची, तेच केशर.

पण मी ज्यासाठी आलो होतो ते वेगळे होते. अक्रोतिरीत प्रेते सापडलेली नाहीत. इटलीतल्या पाँपेईत राखेत दबलेल्या माणसांचे साचे मिळाले, इथे एकही नाही. मौल्यवान वस्तूही जवळपास नाहीत. सोन्याची एक छोटी रानबोकडाची मूर्ती मिळाली, तीही १९९९ मध्ये. म्हणजे लोक निघून गेले होते, आणि हाताला लागेल ते घेऊन गेले होते.

कसे कळले त्यांना? त्याचे उत्तर बोळांत पडलेले आहे. एका घराचा दगडी जिना पाहिला. त्याची प्रत्येक पायरी मधोमध तडकलेली. उद्रेकाआधी मोठा भूकंप झाला होता. लोक बाहेर पडले, काही काळाने परतले. त्यांनी पडलेल्या भिंतींचा राडारोडा गोळा करून ढीग लावले, धोक्याच्या भिंती पाडल्या, धान्याचे रांजण भक्कम जागी हलवले. एका ढिगावर तीन खाटा बाहेर काढून ठेवलेल्या सापडल्या. लाकूड कुजून गेले होते, पण राखेत त्यांचे पोकळ ठसे राहिले, त्यात प्लास्टर ओतून त्या पुन्हा उभ्या केल्या. गाव दुरुस्त करून पुन्हा राहायचे असा त्यांचा बेत होता. मग राखेचा एक पातळ थर पडला. तो इशारा त्यांनी ओळखला आणि काम टाकून ते गेले. त्यानंतर जे आले त्याने बेटावर कित्येक पुरुष उंच राख साचली.

ते वाचले का? हे सांगता येत नाही. होड्या किती दूर गेल्या असतील? त्या उद्रेकाने समुद्र खवळून उंच लाटा उठल्या होत्या. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर चेश्मे येथे अशाच लाटेच्या गाळात एका तरुणाचा सांगाडा मिळाला, जवळच एक कुत्रा. पण आपले घर सोडायचा निर्णय त्यांनी वेळेत घेतला होता एवढे नक्की.

आता आणखी एक गोष्ट, जी मला मुसलमान म्हणून लागली. ७२६ साली हा ज्वालामुखी पुन्हा उसळला. तरंगणारा दगड आशिया मायनरच्या किनाऱ्यापर्यंत पसरला. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट तिसरा लिओ याने त्याचा अर्थ असा लावला की लोक देवाच्या प्रतिमांची पूजा करतात म्हणून ईश्वराचा कोप झाला, आणि त्याने प्रतिमांविरुद्ध पाऊल उचलले. सुमारे ८५ वर्षांनी ही हकीकत लिहिणारा थेओफानिस हा प्रतिमांचा कैवारी. त्याच्या मते कोप खराच होता, पण तो सम्राटावरच होता, आणि सम्राटाने उलटा अर्थ काढला. धूर एकच, पाप मात्र ज्याने त्याने दुसऱ्याच्या पदरात टाकले. वर थेओफानिसने लिओला ‘अरबांच्या विचाराचा’ असा शिक्काही मारला, कारण त्याच दशकात खलिफा दुसरा यझीद याने प्रतिमांविरुद्ध फर्मान काढल्याचे सांगितले जाते. गंमत अशी की ७१७-१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वेढा घालणाऱ्या खलिफाच्या फौजेला परतवून लावणारा सेनानी हाच लिओ होता. ज्याने मुसलमान फौज हरवली तोच घरच्यांच्या लेखी मुसलमान-धार्जिणा ठरला. असे शिक्के मारायला पुरावा लागत नाही, हे आजही आपण पाहतो.

आता घरगुती कारण. माझी फूफू उमरगा तालुक्यातील एका खेड्यात दिली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. गणपती विसर्जनाची रात्र होती, लोक थकून झोपले होते. फूफूचे घर माळवदाचे. दगड-मातीच्या अडीच फूट जाड भिंती, वर लाकडाचे माळे आणि त्यावर दरवर्षी चढवलेली पांढरी माती. उन्हाळ्यात असे घर गार राहते, हलले की तेच माणसावर कबर होते. फूफू आणि तिच्या दोन सुना त्यात गेल्या.

त्या भागात वर्षभर आधी, १९९२ पासून लहान हादरे बसत होते. फूफू आम्हाला सांगायची, भांडी वाजतात, जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज येतो. काही महिने ते सगळे अंगणात झोपले. मग हादरे थांबले, पाऊस आला, आणि ते आत गेले. अक्रोतिरीच्या त्या तीन खाटा पाहिल्या तेव्हा मला फूफूच्या अंगणातली बाज दिसली. त्यांनीही खाटा बाहेर काढल्या होत्या, फूफूनेही काढली होती.

भूकंपानंतर पापाची चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले देवाचा कोप, कोणी म्हणाले अल्लाहचा अजाब. आमच्याकडे एका बुजुर्गाने फातिहाच्या दिवशी लोकांच्या बेदिनीवर बरेच ऐकवले. अब्बा प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते सहसा बोलत नसत. त्या दिवशी एवढेच म्हणाले, “माझी बहीण पाच वक्ताची नमाजी होती. भिंत अडीच फुटाची होती आणि मातीत दगड रचले होते. लोकांना ते सांगा.”

कुरआनात पुन्हा पुन्हा जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे सांगितले आहे. लहानपणी मला वाटे की हे त्यांचे पाप मोजण्यासाठी सांगितले असावे. अक्रोतिरीच्या पुलावर उभा असताना वाटले, पाहायचे ते हे की भिंत कशी होती, जिना कुठे तडकला, माणसे केव्हा निघाली. सँटोरिनीकरांनी हे पाहिले आहे. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात पन्नासहून जास्त माणसे मेली, घरे कोसळली आणि कित्येक कुटुंबे बेट सोडून गेली. आज आपण फोटोत पाहतो ती गावे बरीचशी त्यानंतर पुन्हा उभी राहिलेली आहेत.

मी परतल्यावर सव्वा वर्षाने, २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, तिथे हजारो हादरे बसले. शाळा बंद झाल्या, आणीबाणी जाहीर झाली, ११ हजारांहून अधिक लोक जहाजांनी आणि विमानांनी निघून गेले. उद्रेक झाला नाही. लोक परत आले. बातम्या पाहून माझा मुलगा म्हणाला, “उगाच पळाले की सगळे.”

मी त्याला फूफूची गोष्ट सांगितली. अंगणातली बाज आत नेली नसती, तर ती त्याला दादी म्हणून माहीत असती.