संगणक स्मृती : गती व विश्वसनीयता

संगणकाला पुरविलेली माहिती व कार्यसूचना साठवून ठेवणाऱ्या आणि हव्या तेव्हा परत देणाऱ्या भागास स्मृती म्हणतात. तीत प्रत्येक द्विमान अंक (० किंवा १) एखाद्या भौतिक अवस्थेच्या रूपाने साठविलेला असतो. ही अवस्था त्वरित बदलता व वाचता यावी, पण आपोआप बदलू नये, या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत. त्यांचा मेळ घालण्याचे प्रयत्न स्मृतीच्या इतिहासात सातत्याने आढळतात.

मँचेस्टर विद्यापीठात १९४८ मध्ये ऋण किरण नलिकेच्या पडद्यावरील विद्युत् भाराचे ठिपके स्मृती म्हणून वापरण्यात आले. त्यांतील कोणताही अंक तत्काळ वाचता येई. परंतु भार लवकर ओसरत असल्याने तो सतत पुन्हा लिहावा लागे व बाह्य विद्युत् क्षेत्रामुळे चुका होत. याउलट फिरत्या दंडगोलावरील चुंबकीय नोंद टिकाऊ होती. पण हवा तो भाग वाचनशीर्षाखाली येईपर्यंत थांबावे लागे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने आणलेल्या एचईसी-२एम या ब्रिटिश संगणकाची स्मृती या प्रकारची होती.

मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या व १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकात फेराइट गाभ्यांची स्मृती होती. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या व्हर्लविंड संगणकात ती १९५३ मध्ये बसविण्यात आली होती. म्हणजे टिफ्रॅकच्या उभारणीच्या वेळी हे तंत्र नवेच होते. टिफ्रॅकच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. प्रत्येक अंकासाठी फेराइटचे एक बारीक कडे असते व त्याच्या चुंबकनाची दिशा ० वा १ दर्शविते. कड्यातून जाणाऱ्या आडव्या व उभ्या तारांतून निम्मा-निम्मा प्रवाह सोडला की, त्यांच्या छेदावरील कडेच तेवढे उलटते. प्रवाह वाढविल्यास कडे लवकर उलटते; परंतु मग निम्म्या प्रवाहानेही त्याच तारेवरील इतर कडी विचलित होण्याचा धोका असतो. त्यामुळे गतीला मर्यादा पडते. शिवाय वाचताना अंक पुसला जात असल्याने तो पुन्हा लिहिण्यात वेळ जातो. वीज गेली तरी नोंद टिकते, हा या स्मृतीचा मोठा गुण होय.

अर्धसंवाहक चकत्यांनी पुढे गाभ्यांची जागा घेतली. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एकस्व मिळालेल्या रचनेत प्रत्येक अंकास एक ट्रँझिस्टर व एक धारित्र पुरते. १९७० मध्ये बाजारात आलेल्या इंटेल ११०३ या गतिक स्मृतीच्या चकतीत १,०२४ अंक मावत. धारित्रातील भार गळत असल्याने ठराविक काळाने त्याचे नवीकरण करावे लागते व तेवढा वेळ स्मृती इतर कामास उपलब्ध नसते. नवीकरण लांबविल्यास वेळ वाचतो, पण अंक गमावण्याचा संभव वाढतो. तापमान वाढले की गळतीही वाढते. सहा ट्रँझिस्टरांच्या स्थितिक स्मृतीला नवीकरण लागत नाही व ती अधिक जलद असते. मात्र ती जास्त जागा व्यापते.

धारित्रे लहान होत गेली, तसा त्यांतील भारही घटला. चकतीच्या वेष्टनातील युरेनियम व थोरियम यांच्या लेशमात्र अंशांतून निघणाऱ्या आल्फा कणांनी अंक बदलतात, असे १९७८ मध्ये इंटेलमधील संशोधकांनी दाखविले. अशा चुकीने चकती बिघडत नाही. पण उत्तर मात्र चुकते आणि ते सहज लक्षात येत नाही, हे अधिक घातक होय. यावर रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेली संकेतनपद्धती उपयोगी पडते. ६४ अंकांसोबत ८ तपासणी अंक ठेवल्यास एका अंकाची चूक दुरुस्त होते व दोन अंकांची ओळखता येते. त्यासाठी एक-अष्टमांश जादा स्मृती व तपासणीचा थोडा वेळ खर्ची पडतो.

एकाच ओळीचा वारंवार वापर केल्यास शेजारच्या ओळींतील अंक बदलू शकतात, असे २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ व इंटेल येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. फेराइट कड्यांच्या काळातील शेजाऱ्याच्या उपद्रवाचा प्रश्न अशा रीतीने सूक्ष्म धारित्रांतही नव्या रूपाने उद्भवला आहे.